टेस्लाचं अ‍ॅक्सिलरेशन बूस्ट: दोन हजार डॉलरचा अर्धा सेकंद

आधी किंमत सांगते, म्हणजे ज्यांना पुढचं वाचायचं नाही ते इथूनच परत फिरतील. दोन हजार डॉलर. बदल्यात काय, तर टेस्ला गाडी उभ्या जागेवरून वेग घ्यायला अर्धा सेकंद कमी घेते. नवीन मोटर नाही, बॅटरी नाही, गाडी सर्व्हिसला पण न्यायची नाही. फोनवर अ‍ॅप उघडायचं, अपग्रेड्समध्ये जायचं, अ‍ॅक्सिलरेशन बूस्टवर टिचकी मारायची, कार्डावरून पैसे जातात आणि गाडी गॅरेजमध्ये उभ्या उभ्या वायफायवरून काय ते उतरवून घेते. मग स्क्रीनवर पेडलच्या सेटिंगमध्ये जिथे चिल आणि स्टँडर्ड असे दोन पर्याय होते तिथे चिल आणि स्पोर्ट दिसायला लागतं. डोळ्यांना दिसणारा बदल एवढाच.

माझी गाडी २०२० ची मॉडेल ३ लाँग रेंज, दोन मोटरवाली, परफॉर्मन्स (मुळातच जास्त वेगवान असलेलं मॉडेल) नव्हे. हे नीट लक्षात घ्या, कारण मी ज्याबद्दल लिहितेय ते बूस्ट अशाच गाड्यांसाठी काढलेलं, परफॉर्मन्सवाल्यांना त्याची गरज नाही. कंपनीने हे डिसेंबर २०१९ मध्ये बाजारात आणलं, शून्य ते साठ मैल (आपल्याकडचे ९६ किलोमीटर) जे ४.४ सेकंदांत व्हायचं ते ३.९ मध्ये. पुढे मॉडेल वायला पण दिलं, तिथे ४.८ चं ४.३, भाव तोच. आणि गंमत म्हणजे त्याच्या थोडंच आधी मॉडेल ३ ला साधारण पाच टक्के जादा पॉवर एका अपडेटमधून फुकटात दिली होती. म्हणजे आधी फुकट चव आणि मग बिल. धंदा कसा करावा हे त्यांना कुणी शिकवायला नको.

आता चालवताना काय वाटतं ते सांगते. मला रेस लावायची हौस नाही, सिग्नलला शेजारच्या मस्टँगवाल्या पोराकडे मी बघत पण नाही (एकदा-दोनदा बघितलंय, ठीक आहे). मी राहते कॅलिफोर्नियात, फ्रीमाँटला. सकाळी ऑटो मॉल पार्कवेवरून ८८० नंबरच्या फ्रीवेला लागायचं, रॅम्पवर मीटरचा सिग्नल, एका हिरव्याला एकच गाडी सुटणार, म्हणजे अगदी उभ्या गाडीतून निघायचं आणि रॅम्प संपायच्या आत ओकलंडच्या बंदरातून येणाऱ्या कंटेनरच्या ट्रकांमध्ये साठ-पासष्टच्या वेगाने घुसायचं. इथे हे अपग्रेड वसूल होतं. खरं सांगायचं तर सुरुवातीच्या झटक्यात मला फार फरक वाटला नाही, ती गाडी आधीपासूनच उभ्या जागेवरून दणकून सुटायची. फरक आहे तो मधल्या पट्ट्यात, वीस-पंचवीस मैलांपासून साठपर्यंत. आधी तिथे जोर हळूहळू ओसरल्यासारखा वाटायचा, आता ओसरत नाही, ढकलतच राहते. गणित मांडून बघितलं तर सरासरी ०.६२ जी चं ०.७० जी (जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या पटीत मोजलेला प्रवेग) होतं, म्हणजे सीट पाठीला जितक्या जोराने रेटते त्यात तेरा टक्के वाढ. कागदावर किरकोळ वाटतं पण पाठीला बरोबर कळतं.

सत्तरच्या पुढे मात्र मला तरी गाडी पहिल्यासारखीच वाटते. त्यामुळे ज्यांना फ्रीवेवर ऐंशीला असताना अजून दाबून पुढे जायचंय (जाऊ नका, सीएचपी म्हणजे हायवे पोलीस बसलेलेच असतात) त्यांनी दोन हजार वाचवावेत.

आणि हा अर्धा सेकंद दर वेळी मिळेलच असं पण नाही, ही गोष्ट विकत घेताना कुणी ठळक अक्षरात सांगत नाही. बॅटरी भरलेली आणि गरम असली तर पूर्ण मजा. चार्ज खाली उतरला की बॅटरीतून तेवढी पॉवर निघतच नाही, मग स्पोर्ट लिहिलेलं असो नाहीतर काही असो. थंडीत टाहोला, म्हणजे इथल्या बर्फाच्या डोंगरात, गेलं की सकाळी स्क्रीनवरच्या पॉवरच्या रेघेचा शेवटचा तुकडा तुटक दिसतो, म्हणजे तेवढी ताकद आत्ता मिळणार नाही, आधी बॅटरी गरम होऊ दे. पावसात तर ट्रॅक्शन कंट्रोल मध्ये पडतोच, आणि पडावाच. आणि संध्याकाळी पाच वाजता ८८० वर? तिथे ३.९ सेकंदवाली गाडी आणि सव्वीस वर्षं जुनी कोरोला शेजारी शेजारी उभ्या असतात, दोघींचा वेग शून्य.

रेंज कमी होते का हे सगळ्यात जास्त विचारलं जातं. माझ्या गाडीची ईपीएची (अमेरिकेच्या सरकारी पर्यावरण संस्थेची) रेंज ३२२ मैल, बूस्टने त्या आकड्याला काही होत नाही, तुम्ही आधी जशी चालवत होता तशीच चालवलीत तर वीजही तेवढीच जाते. फक्त तशीच चालवली जात नाही, हा भाग वेगळा. टायर मात्र लवकर झिजतात, आणि या गाड्या जड असल्यामुळे मुळातच टायर खातात, तेव्हा दोन हजारांच्या वर पुढच्या टायरच्या सेटचे पैसे थोडे आधीच काढून ठेवा. सासूबाई मागे बसल्या असल्या की मी न विसरता चिल मोड लावते, त्यांना गाडी लागते, आणि एकदा मी पेडल जरा जोरात दाबलं तेव्हा मागून "अगं बाई, जीव घेतेस का" असं ऐकलंय. हा पण एक रिव्ह्यूच म्हणायचा.

इन्शुरन्सवाल्यांना कळवावं म्हणून मी फोन केला, कंपनीचं नाव नको. पलीकडच्या बाईंनी विचारलं कुठला पार्ट बसवला. म्हणलं पार्ट नाही. मग कुठल्या गॅरेजमध्ये काम केलं? म्हणलं कुठल्याच नाही, घरीच होती. मग बदललं काय नक्की? ह्या प्रश्नाचं उत्तर मला पण एका वाक्यात देता येईना. शेवटी त्यांनी नोंद केली म्हणाल्या, काय नोंद केली देव जाणे. तुम्ही पण कळवा, लेखी कळवा.

आता मुख्य भांडण. आमच्या घरातच झालं म्हणून सविस्तर लिहिते. नवऱ्याचं म्हणणं, ही ताकद गाडीत पहिल्या दिवसापासून होती, आपण तिचे पैसे देऊनच गाडी घेतली, आता तीच ताकद परत विकत का घ्यायची. थाळीत श्रीखंडाची वाटी वाढून ठेवलीय, वर झाकण आहे, आणि झाकण उचलायचे वेगळे पैसे, असं त्याचं मत. (तो स्वतः दर महिन्याला भाडं घेऊन सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपनीत आहे. हे मी भांडणात वापरलं.)

मला त्याचं अर्धं पटतं. पण गाड्यांच्या धंद्यात हे नवीन अजिबात नाही. आपल्याकडे स्कॉर्पिओ-एन घ्या, सगळ्यात खालच्या मॉडेलला २.२ लिटरचं डिझेल इंजिन १३२ पीएसचं (पीएस म्हणजे जवळजवळ हॉर्सपॉवरच), वरच्या मॉडेलला २.२ लिटरचंच १७५ पीएसचं. कुणी रस्त्यावर उतरलं नाही. पेट्रोल-डिझेलमध्ये वर्षानुवर्षं एकाच इंजिनाच्या दोन-तीन ट्यून विकतात आणि पुण्या-मुंबईत तर पोरं स्वतःहून लॅपटॉप लावून स्टेज वन रीमॅप (इंजिनाचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवणं) करून घेतात, वर वॉरंटीवर पाणी सोडतात. इथे तेच काम कंपनी स्वतः करून देते आणि बॅटरी आणि ड्राइव्ह युनिटची (मोटरच्या संचाची) आठ वर्षं किंवा १,२०,००० मैलांची वॉरंटी जागच्या जागी राहते. माझ्या मते दोन हजारांतले निम्मे पैसे या एका गोष्टीचे आहेत.

बाहेरून करून घ्यायचा रस्ता पण होता. क्यूबेकमधल्या इंजेनेक्स्ट नावाच्या कंपनीने २०२० मध्ये बूस्ट ५० नावाचं एक छोटं मॉड्यूल काढलं, ११०० डॉलरला, म्हणजे जवळजवळ निम्म्या किमतीत पन्नासेक हॉर्सपॉवर. त्याच वर्षी टेस्लाच्या एका अपडेटने ते ओळखायला सुरुवात केली आणि ज्यांनी बसवलं होतं त्यांच्या स्क्रीनवर गाडीत न जुळणारा बदल सापडलाय, नुकसान होऊ शकतं अशी सूचना यायला लागली. इंजेनेक्स्टवाल्यांनी त्यावरही तोड काढायची खटपट केली, पण ज्या गाडीचं सॉफ्टवेअर कंपनी रात्रीतून बदलू शकते तिथे हे मांजर-उंदीर कोण जिंकणार हे सांगायला नको. रीमॅपवाल्या पोराच्या गाडीत निदान कुणी रात्री येऊन बघत नव्हतं. माझा खरा आक्षेप इथे आहे, झाकणावर नाही. चावी कायम दुसऱ्याच्या खिशात आहे.

ह्याची दुसरी बाजू पण बघा. २०१३ च्या सुमारास टेस्लाने मॉडेल एसची ४० किलोवॉट-अवरवाली गाडी काढली, मागणी फारशी आली नाही म्हणून ज्यांनी बुक केली होती त्यांना ६० चीच बॅटरी सॉफ्टवेअरने ४० ला बांधून दिली. नंतर २०१६ मध्ये मॉडेल एस ६० मध्ये ७५ ची बॅटरी घालून तेच. मग सप्टेंबर २०१७ मध्ये फ्लोरिडावर इर्मा चक्रीवादळ आलं, लोकांना शेकडो मैल उत्तरेला पळायचं होतं, तेव्हा कंपनीने त्या भागातल्या अशा गाड्यांची बांधलेली बॅटरी तात्पुरती मोकळी केली, फुकट. लोकांनी कौतुक केलं, करायलाच हवं, पण मला आठवतंय तेव्हा वाचताना मनात दोन्ही आलं, किती चांगलं केलं, आणि म्हणजे हे कधीही करता येत होतं तर. उलट २०१५ मधला ल्युडिक्रस मोड (टेस्लाचंच वेग वाढवायचं अपग्रेड) बघा, आधी घेतलेल्या पी८५डी ह्या मॉडेल एसवाल्यांना पाच हजार डॉलर, पण त्यात खरोखर नवीन फ्यूज आणि इनकोनेल धातूचा कॉन्टॅक्टर (बॅटरीचा मोठा स्विच) बसवायला लागायचा. तिथे कुणी झाकणाची भाषा केली नाही, कारण हातात धरता येईल अशी वस्तू होती. आपल्याला वस्तूचे पैसे द्यायला जड जात नाही, परवानगीचे द्यायला जातं.

बरं, भाव रास्त आहे का? ह्यासाठी मी एक माप काढलंय, सेकंदाच्या दहाव्या हिस्स्याला किती पडतं. बूस्टला पाच दहावे हिस्से मिळतात, म्हणजे हिस्स्याला ४०० डॉलर. पोलस्टार २ ह्या इलेक्ट्रिक गाडीचं असंच अपग्रेड आहे, दोन मोटरच्या गाडीला ४०८ हॉर्सपॉवरचे ४७६ करून देतात, अमेरिकेत ११९५ डॉलरला आलं आणि वेळ वाचते ०.३ सेकंद, हिस्स्याला ३९८ पडतात. दोन वेगवेगळ्या कंपन्या आणि भाव भाजीबाजारात ठरवून ठेवल्यासारखा. मर्सिडीजने नोव्हेंबर २०२२ मध्ये ईक्यूई आणि ईक्यूएस ह्या इलेक्ट्रिक गाड्यांसाठी काढलं, ईक्यूई ३५० सेडानला ६.० चे ५.१ सेकंद, तब्बल नऊ हिस्से, भाव १२०० डॉलर, म्हणजे हिस्सा १३३ ला. स्वस्त वाटलं ना? ते १२०० दर वर्षाचे होते! लोकांनी एवढी हजेरी घेतली की पुढच्या वर्षी त्यांनी ईक्यूईला महिना ६०, वर्षाला ६०० किंवा एकदाच १९५० असा भाव लावला. एकदाच घेतलं तर हिस्सा साधारण २१७ ला पडतो, हे मात्र टेस्लापेक्षा बरंच बरं. फोक्सवागनने २०२५ मध्ये ब्रिटनमध्ये आयडी.३ ह्या इलेक्ट्रिक गाडीला २०१ चे २२८ बीएचपी करायचे महिन्याला साडेसोळा पौंड ठेवले, नाहीतर कायमचे ६४९. सत्तावीस घोडे, नगाला चोवीस पौंड, दाणापाणी वेगळं नाही.

महिन्याच्या भाड्याने ताकद ह्या प्रकाराला माझा सरळ विरोध आहे. एकदा पैसे घ्या आणि विषय संपवा. गाडीची मोटर कुठल्याही सर्व्हरवर चालत नाही, तिला दर महिन्याला चालू ठेवायचा कंपनीला वेगळा खर्च नाही, मग भाडं कशाचं? नकाशे, इंटरनेट, ट्रॅफिक ह्यांचं समजू शकते, ते रोज कुठूनतरी येतं. बीएमडब्ल्यूने काही देशांत गरम सीटचं महिन्याचं भाडं लावून बघितलं आणि २०२३ मध्ये गुंडाळलं. सीट गरम करायला भाडं नको म्हणणारे लोक मोटरला का देतील कळत नाही, पण देतायत काही जण, लीजवाले असतील. लीजवर तीन वर्षांसाठी गाडी असेल तर महिन्याचा हिशोब एकवेळ जमतो, मान्य.

बूस्टमध्ये ही कटकट नाही, एकदाच पैसे आणि ते गाडीला चिकटतात, तुमच्या नावाला नाही. हे चांगलं पण आणि वाईट पण. गाडी विकलीत की बूस्ट नव्या मालकाकडे जाणार, तुमच्या पुढच्या टेस्लाला परत दोन हजार. आणि विकताना त्याचे पैसे वसूल होतील असं समजू नका, जुनी गाडी घ्यायला येणारा माणूस बॅटरी आणि मैल बघतो, अर्ध्या सेकंदाला कोण भाव देतो. अपघातात गाडी टोटल झाली तर ते दोन हजार हिशोबात धरा म्हणून इन्शुरन्सवाल्यांना बिल दाखवावं लागेल, म्हणून ईमेलमध्ये आलेली पावती जपून ठेवा. गाडीच्या अंगावर कुठेही बॅज नाही, काही नाही.

माझे पाचपैकी साडेतीन. एक तारा किमतीसाठी कापला, बाराशे असते तर डोळे मिटून घ्या म्हणले असते. अर्धा तारा चार्जप्रमाणे ताकद बदलते हे खरेदीच्या पानावर ठळकपणे न सांगितल्याबद्दल. घ्यायचंच ठरवलं असेल तर अ‍ॅपवरून घेतलेलं अपग्रेड ४८ तासांत परत करायची सोय असते, खरेदीच्या वेळी ती अट एकदा वाचून घ्या आणि शुक्रवारी रात्री घ्या, शनिवार-रविवार पोटभर चालवा. बॅटरी ऐंशीच्या वर ठेवा. नुसतं घराजवळच्या रस्त्यावर नको, ज्या रॅम्पवर रोज जीव मुठीत धरून घुसता तिथे जा. रविवारी संध्याकाळी चिल-स्पोर्ट बदलून फरक बघायला जाऊ नका, स्पोर्ट आणि चिलमधला फरक तर प्रचंडच आहे, तुम्हाला आठवायचं आहे ते स्टँडर्ड, आणि ते आता स्क्रीनवर नाही. म्हणून खरेदीच्या आधी त्याच रॅम्पवर शेजारच्या सीटवरून कुणाला तरी फोनवर व्हिडिओ घ्यायला सांगा, स्पीडचा आकडा दिसेल असा. आमच्याकडे हे काम नवऱ्याने केलं, कुरकुरत.

भारतातून विचारणाऱ्यांसाठी: जुलै २०२५ मध्ये बीकेसीला शोरूम उघडलं तेव्हा विकायला ठेवलेल्या दोन्ही मॉडेल वाय मागच्या चाकांच्या, एका मोटरच्या, त्यामुळे मी लिहिलेलं दोन मोटरचं बूस्ट त्यांना लागू नाही. आणि साठ लाखांच्या आसपास गाडी घेऊन वर सीएसएमटीकडे जाताना अर्धा सेकंद कुठे वापरणार तेही सांगा. आपल्याकडे हा प्रकार खऱ्या अर्थाने आलाय तो स्कूटरमध्ये, एथरचा प्रो पॅक बघा, त्यातल्या बऱ्याच सुविधा सॉफ्टवेअरच्याच आहेत. तिथे पण माझा सल्ला तोच, एकरकमी असेल तर विचार करा.

आणि इथे जुनी मॉडेल ३ किंवा वाय लाँग रेंज घेणाऱ्यांनी एक बघाच. विकणारा बूस्ट आहे म्हणाला तर पैसे देण्याआधी गाडीत बसून पेडलचं सेटिंग उघडा. स्पोर्ट लिहिलेलं दिसलं तर आहे, स्टँडर्ड दिसलं तर नाही, मग तो काहीही सांगो. २०१९ च्या शेवटी इथे एका डीलरकडून जुनी मॉडेल एस घेतलेल्या माणसाच्या गाडीतून, विकताना गाडीत आहे म्हणून दाखवलेलं ऑटोपायलटचं (गाडी स्वतः चालवायला मदत करणारं) पॅकेज टेस्लाने काढून घेतलं होतं, २०२० मध्ये बातम्या आल्या, बोंब झाली, मग परत दिलं. तेव्हा सेटिंगचा फोटो, जुन्या मालकाची पावती आणि खरेदीच्या कागदावर एक ओळ, तिन्ही घ्या. मिळालं तर दोन हजारांची वस्तू तुम्हाला फुकटात पडली, कारण मघाशी म्हणलं तसं विकणाऱ्याला तिचे पैसे मागता येत नाहीत.